घरच्या घरी फोर्क ऑइल सील बदलताना

बाइकच्या पुढच्या शॉकअपच्या, म्हणजे फोर्कच्या, पाइपवर तेलाचं कडं दिसलं की लगेच ऑइल सील (तेल अडवणारी रबरी रिंग) बदलू नका. आधी जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी सीलच्या ओठाखालून फिरवून अडकलेली माती काढा. बऱ्याचदा गळती तिथेच थांबते.

नाहीच थांबली, तर फोर्क उतरवा. मात्र वरची टोपी उघडण्याआधी तळाचा ॲलन बोल्ट (षटकोनी खाचेचा) सैल करा. स्प्रिंगचा दाब गेला की आतला रॉड बोल्टसोबतच फिरत बसतो. डस्ट सील (धूळ अडवणारं वरचं सील) आणि तारेची क्लिप काढल्यावर ऑइल सील स्क्रूड्रायव्हरने उचकटा, पण खालच्या ॲल्युमिनियम नळीच्या काठावर लाकडाची चिप ठेवून. ॲल्युमिनियमला ओरखडा गेला की नवं सीलही गळणार.

पाइपवरचे गंजाचे खड्डे तपासा. नख अडकत असेल तर सीलवर पैसे घालवू नका.

नवं सील चढवताना पाइपच्या तोंडावर तेल लावलेली प्लास्टिकची पिशवी घाला. सीलमधल्या बारीक स्प्रिंगची बाजू खाली, तेलाकडे. वर जुनं सील ठेवा आणि पाइपवर सैल बसणाऱ्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने ठोका. क्लिपची खाच पूर्ण दिसली की सील बसलं. तळाच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर नवाच हवा.

तेल मॅन्युअलप्रमाणे, दोन्हीकडे सारखं.