काळी सायकल रोजच्या कामाला: एप्रिल ते गळीत हंगाम

सायकल 22 इंची, दांडीची, काळी. टायर 28 × 1½, रॉड ब्रेक (केबलऐवजी लोखंडी सळ्यांनी ओढला जाणारा), पुढे पॅडलपाशी 44 दातांचं चेनव्हील आणि मागच्या चाकाला 18 दातांचं फ्रीव्हील. वजन साधारण 20 किलो. काम असं: फुलेवाडी ते राजारामपुरी रोज जा-ये, वाटेत भाजी, दळण, कधी पार्सल, आणि पावसाळ्यात खंड नाही. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर उभी राहणारी सायकल रोजची म्हणता येत नाही, म्हणून सगळ्या कामाचा क्रम पावसाकडे बघून लावला आहे. आधी ब्रेक आणि चाकं, मग दात, मग मडगार्ड-दिवे. रंग आणि पॉलिश यादीत सगळ्यात शेवटी.

एप्रिल: तपासणी

जुनी सायकल घेताना गंज बघून लोक घाबरतात. वरवरचा गंज निघतो. बघायचं ते जोडांवर: चिमट्याचा (पुढचं चाक धरणाऱ्या फाट्याचा) माथा, पुढच्या उभ्या नळीचा खालचा जोड, आणि सीटखालचा जोड. तिथे रंगात केसासारखी रेघ दिसली तर पॉलिश पेपरने रंग काढून पाहा. रेघ पत्र्यातही उतरली असेल तर ती फ्रेम घेऊ नका. वेल्डिंग करून कदाचित चालेल, पण रोजच्या रहदारीत त्या "कदाचित"ला जागा नाही.

पॅडल मारताना दर फेरीला एक "टक्" येते का? ती कुठून येते हे दोन मिनिटांत कळतं. एक क्रँक (पॅडलचा दांडा) हाताने धरून आडवा, फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. दोन्ही क्रँक एकदम हलले तर खेळ बीबीच्या (क्रँकचा आस जिथे फिरतो त्या जागेच्या) कटोरीत आहे, कटोरी आवळा किंवा छर्रे बदला. एकच हलला तर कॉटर पिन (क्रँक आसावर पक्का धरणारी पाचर) गेली आहे. या सायकलीत डावी पिन गेलेली निघाली. पिन नुसती आवळून भागत नाही. तिचा चपटा भाग दबलेला असतो, त्यामुळे आठवड्यात परत तीच टक्. पिनांच्या जाडीत फरक असतो, म्हणून जुनी खिशात घालून दुकानात जा. बसवताना क्रँकखाली लोखंडाचा भक्कम आधार द्या, पिन हातोडीने आत ठोका आणि मगच नट आवळा. नटाच्या जोरावर पिन ओढून घेतली की आटे जातात. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने बसवायच्या, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. 20-30 किलोमीटर चालवून झाल्यावर पुन्हा ठोकून नट आवळायचा. हे शेवटचं काम विसरलं जातं आणि दोष पिनेला लागतो.

छर्रे: बीबीत पाव इंची 11-11, मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) पाव इंची 9-9, पुढच्या हबमध्ये 3/16 चे 10-10. जुने आणि नवे एकत्र घालू नका. झिजलेल्या छर्‍यांच्या शेजारी नवा छर्रा एकटाच भार घेतो आणि कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता नट) खातो. ग्रीस भरपूर घाला, कारण पावसात पाणी आत जाण्याआधी भरलेलं ग्रीसच ते अडवतं. कोन आवळताना चाक फिरवून बघा: व्हॉल्व्हच्या वजनाने चाक आपोआप खाली येऊन थांबलं पाहिजे, आणि रिम धरून हलवल्यावर खेळ जाणवता कामा नये.

एप्रिलअखेर: चाकं आणि रॉड ब्रेक

चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढणारे बहुतेक जण डावं-उजवं बघतात. रॉड ब्रेकला तेवढं पुरत नाही. इथे ब्रेक रबर रिमच्या बाजूला न घासता हबकडच्या आतल्या पृष्ठभागावर घासतं, म्हणून चाकाच्या उड्या, म्हणजे रिमचा वर-खाली आऊट, आधी काढावा लागतो. उडी असलेल्या चाकाला रबर जवळ ठेवलं तर एका जागी अडकतं, लांब ठेवलं तर दुसर्‍या जागी पोचत नाही. निपल, म्हणजे तार रिमला धरणारा छोटा नट, एका वेळी पाव फेरीच फिरवा. उडी 1 मिमीच्या आत आली की रबर आणि रिम यांत 3 मिमी अंतर ठेवता येतं, आणि ब्रेक अर्ध्या दाबातच धरतो.

या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 तारा असतात. मागची तार तुटते ती बहुधा हबजवळच्या वाकात, आणि बहुधा चेनच्या बाजूला. कारण ओझं नव्हे, सैल तार. सैल तार प्रत्येक फेरीला ताणते-सुटते आणि वाकातून थकते. एक तुटली की शेजारच्या दोन तारांवर भार येतो. म्हणून बदलताना फक्त तुटलेली तार बसवून थांबू नका, सगळ्या तारा बोटाने छेडून आवाज ऐका. एकाच बाजूच्या तारांचा सूर जवळपास सारखा हवा.

मे: दात

44 ला 18 म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण 5.4 मीटर जाते. रंकाळ्याकाठी सपाटीवर छान. पण राजारामपुरीकडून विद्यापीठाकडे किंवा टेंबलाई टेकडीकडे चढताना वेग ताशी 10 किलोमीटरवर येतो, तेव्हा पाय मिनिटाला फक्त 31 फेर्‍या मारतात. गुडघे दुखतात ते इथे. माणूस उभा राहून सगळं वजन पॅडलवर टाकतो, कॉटर पिन जाते तीही इथेच. मागे 22 दात टाकले तर एका फेरीला 4.4 मीटर, म्हणजे त्याच चढावर मिनिटाला 38 फेर्‍या. सपाटीवर मिनिटाला 60 फेर्‍यांना ताशी 16 किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. गावातल्या गर्दीत याहून जास्त वेगाचा उपयोग होत नाही. नव्याने सुरुवात करणार्‍याने गिअरची सायकल घेण्याआधी हा एक बदल करून पाहावा, असं आमचं ठाम मत आहे. ज्यांचा रोजचा रस्ता पूर्ण सपाट आहे त्यांनी 20 वर थांबावं.

आता खुबी. 4 दात वाढले की चेन साधारण 1 इंच जास्त लागते, म्हणजे आतली आणि बाहेरची मिळून एक पूर्ण जोड. ती न वाढवता चाक पुढे सरकवून चेन बसवली तर बसते, पण मग रिम मागच्या ब्रेक रबरापासून दूर जाते आणि ब्रेक हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागतो. "फ्रीव्हील बदललं आणि ब्रेक गेला" ही तक्रार ऐकू येते तिचं मूळ हेच. चेन वाढवा, चाक पूर्वीच्या जागी ठेवा. चेन घट्ट करण्यासाठी चाक कधीही मागेपुढे केलंत की रबराचं अंतर पुन्हा मोजा.

चेनचा ढिलेपणा मधोमध वर-खाली मिळून साधारण 12 मिमी. पूर्ण फेरी फिरवून सगळ्यात घट्ट जागी मोजायचा, कारण चेनव्हील अगदी गोल क्वचितच असतं. चेन झिजली का हे साध्या पट्टीने कळतं. नवी असताना 12 पूर्ण जोडी बरोबर 12 इंच भरतात. 12 इंच आणि वर एक सोळांश झाली की बदला. एक अष्टमांशापर्यंत नेलीत तर फ्रीव्हीलचे दातही गेलेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावर घसरते.

डावं पॅडल बदलायचं असेल तर लक्षात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात. जोर लावून चुकीच्या दिशेने फिरवलं तर क्रँकचे आटे जातात. बाकी एखादा जुना वॉशर किंवा बुश बाजारात मिळाला नाही तर उद्यमनगरात लेथवर करून घेता येतो. नमुना सोबत न्या.

सीटची उंची: पॅडल सगळ्यात खाली असताना टाच पॅडलवर ठेवून पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघा थोडा वाकलेला राहतो. बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला टेकवायची सवय असलेल्यांना ही उंची सुरुवातीला जास्त वाटते. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहायला शिका, गुडघे वाचतील.

जून: पहिला पाऊस

पोलादी क्रोम रिम ओली झाली की ब्रेक कित्येक पट लांब धरतो. रोजच्या वापरात या सायकलीची सगळ्यात मोठी मर्यादा हीच, आणि ती पूर्ण जात नाही. कमी करता येते. एक, रिमचा आतला पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने स्वच्छ ठेवा. रॉकेलने पुसू नका, तेलकट थर मागे राहतो. दोन, थांबायच्या जागेच्या बर्‍याच आधीपासून ब्रेक हलका टेकवून रिमवरचं पाणी पुसून घ्या, मग दाबा. तीन, पावसात वेग निम्म्यावर आणि दोन्ही ब्रेक एकदम. चामड्याची पट्टी लावलेली रबरं क्रोमवर ओल्यात चांगली धरतात, आणि कोल्हापुरात चामड्याला तोटा नाही. तरीही साध्या रबरावर घरी पट्टी चिकटवण्याच्या आम्ही विरोधात आहोत. चिकटवण सुटली तर त्या चाकाला ब्रेकच उरत नाही. ज्यांना उतारावरून रोज भर पावसात यायचं आहे त्यांनी अॅल्युमिनिअम रिमची किंवा डिस्क ब्रेकची सायकल घ्यावी. तिथे काळ्या सायकलीचा हट्ट धरू नये.

पुढच्या मडगार्डच्या टोकाला जुन्या ट्यूबची पट्टी लावा, जमिनीपासून चार बोटं वर राहील इतकी. बूट कोरडे राहतात, आणि बीबीवर उडणारा चिखल थांबतो हा मोठा फायदा. चेनला गाडीचं जळकं ऑइल लावू नका. त्यातली धातूची पूड आणि काजळी चेन खाते. चेनचं तेल किंवा निदान स्वच्छ ऑइल, प्रत्येक रोलरवर एक थेंब, पाच मिनिटं मुरू द्या आणि बाहेरून कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा. तेल आत हवं, बाहेर फक्त माती चिकटते. पावसाळ्यात आठवड्याला एकदा, एरवी महिन्याला.

टायरमध्ये हवा 45 ते 55 पीएसआय, मागे थोडी जास्त. साध्या वॉलट्यूबच्या, म्हणजे आत रबरी नळी असलेल्या, व्हॉल्व्हवर गेज खरा आकडा दाखवत नाही, कारण रबरी नळीचा विरोध त्यात मिसळतो. मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हची ट्यूब घातली की अडचण सुटते, फक्त रिमच्या छिद्रातून तो जातो का हे आधी पाहा. पंक्चर दोन छिद्रांचं, शेजारी-शेजारी असेल तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिमवर चेचली. छिद्र एक असेल तर टायर आतून बोटाने सावकाश चाचपा, काटा तिथेच असतो आणि नवी ट्यूबही फोडतो. सोल्युशन लावल्यावर चिकटपणा सुकेपर्यंत थांबा. ओल्यावर पॅच लावला की तो दुसर्‍या दिवशी सुटतो.

रस्ता. नकाशावर गंगावेश, महाद्वार रोड, बिंदू चौक हा जवळचा वाटतो, पण अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीत सायकल हातात धरूनच चालावं लागतं. रंकाळ्याच्या दक्षिणेकडून संभाजीनगरमार्गे अंतर थोडं वाढतं, पण पाय सतत चालू राहतात. मोठ्या पावसात परीख पुलाखाली पाणी साठतं. खालचा खड्डा दिसत नाही, तेव्हा तिथून जाऊ नका.

जुलै-ऑगस्ट: पूर

पंचगंगेची राजाराम बंधार्‍याची पातळी रोज बघायची सवय इथे सगळ्यांनाच आहे. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. सायकलवाल्याने इशार्‍यालाच नदीकाठचा रस्ता सोडावा. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गसुद्धा बंद पडला होता. पाण्यातून नेलीच आणि पाणी हबच्या वर गेलं, तर त्याच आठवड्यात दोन्ही हब आणि बीबी उघडून ग्रीस बदला. गाळाचं पाणी आत राहिलं की कोनावर खड्डे पडतात, मग कितीही आवळा, चाक खरखरतं.

ऑक्टोबर ते आता: ओझं, दिवे, ऊस

कॅरिअरवर 25 किलोच्या पुढे जाऊ नका. भरलेला घरगुती सिलिंडर 30 किलोच्या आसपास भरतो, म्हणजे तो मर्यादेबाहेर. ओझं शक्य तितकं खाली, दोन्ही बाजूंना सारखं. दुधाच्या किटल्या चाकाच्या दोन्ही बाजूंना अडकवतात त्यामागे हेच गणित आहे. वर उंच बांधलेलं पोतं वळणावर हँडल ओढतं. दोरीपेक्षा ट्यूबच्या पट्ट्या चांगल्या, ओझं हललं तरी ताण टिकतो.

डायनॅमो सुरू आहे, पण सायकल थांबली की दिवा जातो. म्हणून मागे बॅटरीचा लाल दिवा वेगळा, मडगार्डवर घट्ट. सीटखाली लावला तर पिशवी किंवा रेनकोट तो झाकतो. गळीत हंगामात हा दिवा सोडून बाहेर पडू नका. कसबा बावड्याच्या कारखान्याकडे जाणार्‍या ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, आणि वळताना मागची ट्रॉली पुढच्यापेक्षा आत कापते. तिच्या डाव्या बाजूला कधीही शिरू नका. चौकात ट्रॅक्टर वळेपर्यंत मागेच थांबा. रस्त्यावर पडून चाकाखाली चिरडलेला ऊस ओल्या रंगाइतका निसरडा असतो. त्यावर ब्रेक नको, हँडल वळवणं नको, सरळ पार व्हा.

कुलूप मागच्या चाकातून आणि फ्रेममधून, खांबाला. नुसतं चाकाचं लॉक असेल तर सायकल उचलून नेता येते.

बाकी राहिलेलं: मागची ब्रेक रबरं अर्धी झिजली आहेत, बदलायची. चेन 12 जोडींना एक सोळांशच्या जवळ आली आहे. उजव्या बाजूच्या दोन तारांचा सूर उतरला आहे. पुढचा टायर अजून ठीक, मागच्याचा मधला पट्टा गुळगुळीत झाला आहे. पुढचा मागे आणि नवा पुढे असा बदल मेमध्ये, पावसाआधी. ओल्यात पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून चांगला टायर नेहमी पुढे.