ए-१७ वरचं व्हाइटनर

टोकनची चिठ्ठी खिडकीकडे धरली तेव्हा खालचं अक्षर दिसलं. वर निळ्या पेनने ‘व्ही-३१’, त्याखाली व्हाइटनरचा जाड थर आणि थराखाली ‘ए-१७’. ए म्हणजे अकाउंट्स, व्ही म्हणजे व्हॉइस, फोनवरचं काम. मागे कारण न लिहिलेल्या अशा पाच चिठ्ठ्या निघाल्या. पाचही अर्जांवर कायमचा पत्ता ईशान्येचा.

पुण्यात खराडीतल्या एका कंपनीचा शनिवारचा वॉक-इन होता, म्हणजे थेट येऊन मुलाखत द्यायची भरती. भरतीची पद्धत कागदावर आहे तशी चालते का, हे बाहेरून तपासायला मला बोलावलं होतं. कंपनीच्या एका मजल्यावर परदेशी ग्राहकांचे फोन घेतात, दुसऱ्या मजल्यावर कारखान्यांच्या व्हेंडरची बिलं तपासून पेमेंटला सोडतात. दोन्हीकडे माणसं हवी होती. दिवसभरात ६१ जण आले. त्यांतले १४ आसाम, मणिपूर, मिझोराम, नागालँड, मेघालय आणि अरुणाचलचे.

संध्याकाळी साडेचारला मी पहिली बेरीज मांडली. अमेरिकेत १९७८ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतून आलेला चार-पंचमांशाचा ठोकताळा असतो. ज्या गटाची निवड सगळ्यात जास्त प्रमाणात होते, त्याच्या प्रमाणाच्या ८० टक्क्यांखाली दुसरा गट गेला, तर थांबून कारण शोधायचं. आपल्याकडे तो कायदा नाही, पण चाळणी म्हणून बरा. ईशान्येच्या १४ पैकी ६ निवडले गेले होते, बाकीच्या ४७ पैकी १९. म्हणजे ४३ टक्के आणि ४० टक्के. एचआर मॅनेजर खूश झाले. ‘बघा मॅडम, उलट आम्ही त्यांना जास्तच घेतो.’

एकूण बेरजेवर थांबलं की हेच होतं. मग अर्ज कोणत्या जागेसाठी होता, त्याप्रमाणे गठ्ठे वेगळे केले. अकाउंट्ससाठी ईशान्येचे ८ अर्ज होते, अकाउंट्समध्ये घेतला एक. बाकीचे २६, घेतले १०. म्हणजे साडेबारा टक्क्यांसमोर अडतीस. ठोकताळा ८० टक्क्यांवर धोक्याचा झेंडा दाखवतो, इथे एक तृतीयांशही भरत नव्हतं. अर्थात आठ माणसांवर टक्केवारी मांडणं धोक्याचं. एक माणूस इकडचा तिकडे झाला की आकडा दुप्पट होतो. म्हणून मी मागच्या तीन वॉक-इनची टोकनं मागितली, तर ती फेकून दिलेली. उरले आजचे कागद. आकड्यांवर बोट ठेवता येत नसेल तर एकेक माणसाचा माग काढायचा, तोच मार्ग होता.

क्रम असा होता. सकाळी काउंटरवर अर्ज, मग टोकन, अकाउंट्सवाल्यांना ३० मार्कांचा लेखी पेपर, पासिंग १८. पेपर देऊन बाहेर आलं की काउंटरवरूनच मुलाखतीच्या खोलीत पाठवायचं. पेपर तपासून यायचे दुपारी दोननंतर. बदललेली ही पाचही टोकनं साडेबारा ते एकच्या दरम्यानची होती. म्हणजे मार्क कोणी पाहिलेच नव्हते. नंतर आलेले मार्क मी समोर मांडले: २४, २२, २१, १७, १२. तिघं पास, आणि २४ हा त्या दिवशीच्या ३४ पेपरांत दुसरा नंबर. या तिघांना अकाउंट्सच्या खोलीचं दारही दिसलं नव्हतं.

काउंटरवर साताऱ्याकडचा एक चुणचुणीत मुलगा होता. त्याने काही लपवलं नाही. ‘मॅडम, व्हॉइसचं पॅनल रिकामं बसलं होतं. वरून फोन आला की अकाउंट्सच्या रांगेतून जमेल त्याला इकडे वळव.’

‘मग तू कोणाला वळवलंस?’

‘जे व्हॉइसला शोभतील त्यांना. त्या लोकांचं इंग्लिश चांगलं असतं ना. आणि अकाउंट्समध्ये व्हेंडरशी हिंदीत बोलावं लागतं, ते त्यांना नाही जमत.’

त्याच्या मनात आकस नव्हता, आणि अडचण नेमकी तिथेच होती. ‘जमेल त्याला’ ही सूचना मोकळी सोडली होती, आणि मोकळ्या जागेत डोक्यातलं तयार चित्र जाऊन बसतं. ईशान्येचा चेहरा म्हणजे रिसेप्शन, पार्लर, हॉटेल, फोन. चित्र कौतुकाचं असल्यामुळे ते कोणाला खुपत नाही. नाकारलेल्यांच्या रजिस्टरमध्ये यातलं एकही नाव नव्हतं, कारण कोणाला नाकारलंच नव्हतं. नुसतं वळवलं होतं. टोकन बदललेले आणखी दोघं होते, एक नांदेडचा आणि एक जळगावची. त्यांच्या टोकनमागे ‘दिवसा कॉलेज, रात्रपाळी हवी’ असं लिहून सही घेतली होती. त्या पाचांच्या टोकनमागे काहीच नव्हतं.

हिंदीचंही पाहिलं. जागेच्या वर्णनात हिंदीची अट नव्हती, व्हेंडरशी व्यवहार मेलवर चालतो. आणि पाचांतला एक अरुणाचलचा. तिथे वेगवेगळ्या जमाती एकमेकांशी हिंदीतच बोलतात. त्याची हिंदी खोलीतल्या आम्हा सगळ्यांपेक्षा सरळ होती. मिझोराममध्ये हिंदी खरोखर कमी आहे. ही दोन राज्यं एका चेहऱ्याखाली टाकली की हा फरक पुसला जातो. गंमत म्हणजे उलटा प्रवाहही त्याच इमारतीत आहे. व्हॉइसच्या परीक्षेत एमटीआय नावाचा रकाना असतो, मातृभाषेची छटा इंग्रजीत किती उतरते त्याचा. आपली मुलं इंग्रजीतल्या दोन वेगळ्या उच्चारांसाठी एकच ‘व’ वापरतात आणि त्यात अडकतात. काउंटरवरचा तो मुलगाही तिथेच अडकून काउंटरवर आला होता. फरक एवढाच की त्याला निदान परीक्षेत बसवून मार्क दिले होते.

नाव झाकून अर्ज वाचा, हा उपाय लोक लगेच सुचवतात. त्याला आधार आहे. बॉस्टन आणि शिकागोतल्या सुमारे ५००० बनावट अर्जांचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. सारख्याच पात्रतेच्या अर्जांवर गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा ५० टक्के जास्त बोलावणी आली. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या अभ्यासकांनी २००७ मध्ये खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवून पाहिलं. पात्रता तीच असून दलित आडनावाला पुढच्या फेरीत जायची संधी सवर्ण आडनावाच्या दोन तृतीयांश होती, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. पण हे सगळं टपालाने गेलेल्या अर्जांचं. वॉक-इनमध्ये कागदाच्या आधी चेहरा येतो. मणिपुरी मैतेईंत ‘सिंग’, ‘देवी’, ‘शर्मा’ सर्रास आहेत. नाव वाचून कोणाला पत्ता लागणार नाही. इथे झाकायला हवी ती निर्णयाची जागा. म्हणजे काउंटरच्या हातात वळवण्याचा अधिकारच नको.

नावांचा घोळ पुढच्या टप्प्यावर येतो, आणि तो जास्त घातक. ऑनलाइन अर्जात आडनाव आणि वडिलांचं नाव भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मिझो लोकांत बहुतेकांना आडनाव नसतं. मग कोणी तेच नाव दोनदा लिहितं, कोणी टिंब देतं. मेघालयातल्या खासी समाजात मुलं आईच्या कुळाचं नाव लावतात, त्यामुळे बापाचं आडनाव वेगळं निघतं. मैतेईंत घराण्याचं नाव आधी येतं: वेटलिफ्टर मीराबाई चानूचं घराणं साइखोम, आणि ‘चानू’ मैतेई मुलींच्या नावापुढे लागतं, ते आडनाव नव्हे. सॉफ्टवेअर मात्र शेवटचा शब्द उचलून आडनावात टाकतं. मग पडताळणी करणारी एजन्सी ‘नावात विसंगती’ म्हणून लाल शेरा मारते, आणि तो शेरा पाहणाऱ्याला खोटेपणा वाटतो. त्या कंपनीच्या फायलींत मागच्या वर्षभरातले असे लाल शेरे मी चाळले. बहुतेक एवढ्याच कारणाचे होते.

तक्रार करायची तर कुठे? संविधानाचं कलम १६(२) वंशावरून भेदभाव नाकारतं, पण सरकारी नोकरीपुरतं. खाजगी भरतीत लिंग, अपंगत्व यांसाठी कायदे आहेत. वंशासाठी वेगळा कायदा नाही. अरुणाचलच्या निदो तानिया या विद्यार्थ्याचा २०१४ मध्ये दिल्लीत वांशिक टोमण्यांनंतरच्या मारहाणीत मृत्यू झाल्यावर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक शेरेबाजी आणि हल्ल्यांविरुद्ध कायद्यात बदल सुचवले. बदललेल्या टोकनाबद्दल पोलिसांत कोण जाणार? वळवलेल्याला आपण वळवलो गेलो हे कळतच नाही.

पाच वाजता तिघांना फोन लावले. एकाचा बंद. दुसरा म्हणाला, व्हॉइसच बरं, सोमवारपासून पगार सुरू होतोय. तिसरी, म्हणजे २४ मार्कांची ए-१७, मिझोराममधल्या ऐझॉलची, साडेपाचला परत आली. टोकन बदलून मिळालं तेव्हा तिला वाटलं होतं की अकाउंट्सच्या जागा भरल्या असतील. तिने विचारलंही नव्हतं.

पॅनल तेच बसवलं, पण अट घातली: प्रत्येकाने आपापले मार्क आधी लिहायचे, मग बोलायचं. आणि प्रश्न सगळ्यांना विचारला होता तोच. पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, १०० नगांची, स्टोअरची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, ९६ ची, बिल १०० चं. काय कराल? उत्तराच्या पायऱ्या आधी लिहिलेल्या होत्या. फरक ओळखला पण पुढे सुचलं नाही तर ३, तारीख, क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा व्हेंडरचा कागद) आणि टॅक्स तिन्ही सांगितलं तर ५. ती म्हणाली, आधी जीआरएनची तारीख आणि चलन बघेन, उरलेले चार दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जीआरएनवर आलेले असू शकतात. नसतील तर बिल होल्डवर, स्टोअर आणि व्हेंडर दोघांना मेल, ९६ चं पेमेंट करायची पॉलिसी असेल तर चारची क्रेडिट नोट मागेन. थोडं थांबून तिने जोडलं की एका बिलाचा माल हप्त्याहप्त्याने येणार असेल, तर शेवटचा हप्ता पोचेपर्यंत जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. हा मुद्दा दिवसभरात बाकी कोणी काढला नव्हता. पॅनलमधल्या तिघांनीही ५ लिहिले.

तरी पॅनलप्रमुखांनी शेऱ्यात लिहिलं, ‘कल्चर फिट?’ म्हणजे इथल्या वातावरणात बसेल का, प्रश्नचिन्हासकट. मी विचारलं, कशावरून? ‘ही मंडळी ख्रिसमसला गेली की पंधरा-पंधरा दिवस येत नाहीत हो.’ पुण्याहून गुवाहाटीलाच रेल्वेने दोन दिवसांहून जास्त लागतात, ऐझॉल त्याच्याही पुढे. रजा लांब निघणारच. पण गणपतीत त्याच मजल्यावरचे कोकणातले सगळे गावी जातात, आणि सिंधुदुर्गच्या एकाही अर्जावर असा शेरा मला सापडला नाही. हे त्यांना दाखवलं. त्यांनी शेरा खोडला, सही केली, चेहरा मात्र आंबटच.

अहवालात चार गोष्टी लिहिल्या. टोकन बदलायचं तर उमेदवाराच्या हस्ताक्षरात कारण आणि सही. पेपर तपासल्याशिवाय कोणालाही दुसऱ्या रांगेत पाठवायचं नाही. वेळ जास्त लागला तरी चालेल. टोकनं सहा महिने जपायची. आणि महिन्याचा तक्ता एकूण न मांडता अर्ज केलेल्या जागेप्रमाणे मांडायचा. व्हाइटनरची बाटली मी काउंटरवरून उचलली, ती अहवालात नाही.

सातच्या सुमाराला ऑफर लेटर निघेना. आडनावाचा रकाना रिकामा, सिस्टीम पुढे सरकत नव्हती. आयटीतल्या मुलाने सवयीने टिंब टाकलं. त्याला थांबवलं, कारण पुढे पीएफच्या खात्यात नाव आधारशी जुळलं नाही की केवायसी परत येतं. तिच्या पॅनवर एकच नाव आडनावाच्या रकान्यात होतं, पहिल्या नावाचा रकाना कोरा. कंपनीच्या सिस्टीमला दोन्ही रकाने हवेत. शेवटी लेटर वर्डमध्ये टाइप केलं, आधारवर आहे तसं, आणि सिस्टीमच्या दुरुस्तीसाठी आयटीकडे तिकीट टाकलं. ती तोवर खाली सिक्युरिटीच्या टेबलापाशी गेट पास भरत होती. तिथल्या वहीतही आडनावाचा रकाना आहे.