रुखवताची पाटी आणि एसव्हीजी

भाचीच्या रुखवतासाठी 'शुभविवाह'ची पाटी कापायला आज बसले. महादेव-पार्वतीची चौकट विकत घेतलेली होती, ती झिपमध्ये (बांधलेल्या फाईलमध्ये) एसव्हीजी, म्हणजे रेषांच्या चित्राची फाईल. एसव्हीजीवर डबल क्लिक केलं की ती ब्राउझरमध्येच उघडते, तिथं नुसती बघता येते. आधी झिप सोडवायची, मग इंकस्केप (अशी चित्रं बदलायचं सॉफ्टवेअर) उघडून त्यातून फाईल घ्यायची. इंकस्केप फुकट आहे, बायकांनो, घाबरू नका.

चौकट ८ इंचांची, उघडली ६ इंचांची! फाईल ७२ पिक्सेलला एक इंच धरून केलेली, इंकस्केप ९६ धरतं. रुंदी परत ८ केली, काम झालं.

खरा जीव गुंतला तो अक्षरांत. मराठी अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात. तशीच कापली तर शिरोरेषेचे तुकडे पडतात, आणि महाद्वार रोडवरून आणलेला सोनेरी कार्डशीट वाया. म्हणून इंकस्केपमध्ये आधी 'ऑब्जेक्ट टू पाथ' (अक्षरांचे नुसते आकार करायचे), मग सगळी निवडून 'युनियन' (सगळे आकार जोडून एक करायचे). शिरोरेषा सलग झाली. 'शु'चा उकार किती नाजूक आलाय म्हणून सांगू!

वहिनी संध्याकाळी आल्या, पाटी उजेडात धरून बघतच राहिल्या. उद्या मागं लाल मखमली कागद लावणार.