चप्पल कधी निसटली, ते कळलेच नाही

गेल्या श्रावणात तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करून आलेले, निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार काका गुडघा दुखतो म्हणून माझ्याकडे आले. गुडघा तपासताना नजर तळव्याकडे गेली, तर अंगठ्याच्या बुडाशी काटा रुतलेला होता, भोवतीची कातडी पांढुरकी पडली होती आणि फेरीला तोपर्यंत नऊ दिवस उलटले होते. "काका, हे टोचत नाही का?" असे विचारल्यावर त्यांनी पाय वळवून पाहिला आणि म्हणाले, "काटा आहे होय? मला तर काहीच जाणवलं नाही." मधुमेह चौदा वर्षांचा. मग बोलता बोलता कळले की चालताना चप्पल पायातून निसटते ते त्यांना समजत नाही, मागून येणारा कुणीतरी सांगतो. आणि सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की भिंत धरावी लागते.

या दोन तक्रारी त्यांनी आजवर कोणालाही सांगितल्या नव्हत्या, कारण त्या तक्रारी आहेत असेच त्यांना वाटले नव्हते. जे दुखते त्यासाठी माणूस दवाखान्याची पायरी चढतो. जे जाणवेनासे झाले आहे त्यासाठी तो येत नाही, म्हणून ते आपण होऊन शोधणे हे आम्हा फिजिओथेरपिस्टांचे काम आहे, आणि नेमके तेच घाईत राहून जाते. मी शिकत असताना एका रुग्णालयात एका आजींच्या पोटरीवर गरम शेक ठेवला होता. तपासणीच्या कागदावर संवेदनेच्या रकान्यात मी न तपासताच 'नॉर्मल' असे लिहिले होते. शेक काढला तेव्हा कातडीवर फोड होता आणि आजी शांतपणे पडून होत्या. त्या दिवसापासून गरम आणि गार पाण्याच्या दोन परीक्षानळ्या लावून, कोणती कोणती ते रुग्णाने डोळे मिटून ओळखल्याशिवाय मी कोणालाही शेक दिलेला नाही.

काकांचे पाय त्या दिवशी नीट तपासले. १० ग्रॅम दाबाला वाकणारा, मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा धागा तळव्याला काटकोनात टेकवायचा, तो वाकेपर्यंत दाबायचा आणि एक-दोन सेकंदांत उचलायचा, एवढीच ही कृती आहे, पण ती घट्टा पडलेल्या जागी करायची नाही, ठरावीक लयीत करायची नाही आणि मधूनच न टेकवताही "आता लागले का?" असे विचारायचे, नाहीतर रुग्ण अंदाजाने 'हो' म्हणत जातो. काकांना अंगठ्यावर आणि चवड्याच्या तिन्ही जागी धागा कळला नाही. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा नादकाटा) अंगठ्याच्या हाडावर ठेवला, तेव्हा ते म्हणाले, "गार लागतंय," पण कंप जाणवला नाही. अंगठा वर केला की खाली, हे विचारताना तो दोन्ही बाजूंनी धरावा लागतो. वरून-खालून धरला तर बोटांच्या दाबावरूनच उत्तर कळते. पाय जुळवून डोळे मिटायला सांगितले, तर ते लगेच डोलू लागले. पायांची जाणीव गेल्यामुळे तोल डोळ्यांच्या भरवशावर होता, म्हणजे साबणाचा आणि भिंतीचा उलगडा तिथेच झाला.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. स्पर्श, कंप आणि सांध्याची स्थिती यांची जाणीव जाड मज्जातंतू वाहतात, तर टोचणे आणि तापमान बारीक तंतू वाहतात. त्यामुळे धागा कळला म्हणजे चटकाही कळेल, असे धरून चालता येत नाही. दोन्ही तपासाव्या लागतात.

तपासणी सगळ्यांची सारखी असली, तरी उपचार मात्र कारणानुसार अगदी वेगळे होतात. त्याच सुमारास सातपूरच्या एका कारखान्यातला तरुण माझ्याकडे येत होता. काचेने मनगट कापून त्याची मीडियन नस (अंगठा आणि शेजारच्या बोटांना जाणीव देणारा मज्जातंतू) तुटली होती आणि शस्त्रक्रियेने ती जोडली होती. अशी नस दिवसाला साधारण १ मिलीमीटर वाढते, म्हणून बोटांच्या टोकांपर्यंत जाणीव पोहोचायला महिनेच लागतात. आणि पोहोचल्यावरही ती जुन्या ओळखीची नसते, मेंदूला ती पुन्हा शिकवावी लागते. आधी सरकता स्पर्श, मग एका जागचा. आधी बघून, मग डोळे मिटून, मग पुन्हा बघून. पुढे त्याच्या आईने ताटात तांदूळ, तूरडाळ, मूग आणि शेंगदाणे वेगवेगळे मांडले, आणि तो दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटे डोळे मिटून ते चिमटीत धरत असे. मूग आणि तूरडाळ त्याला कितीतरी दिवस सारखेच लागत. एके दिवशी त्याने अंगठ्याने एक दाणा हळूच फिरवला, थांबला आणि म्हणाला, "ही डाळ आहे, एक बाजू सपाट आहे."

काकांच्या बाबतीत मी असे काही आश्वासन दिले नाही. इतक्या वर्षांच्या मधुमेहाने गेलेली तळव्याची संवेदना बहुधा परत येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले, आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करणाऱ्या पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते की बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत, दुखणे न कळल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांनी ती जातात. काकांच्या पायांनाही धोका होता तो असाच. म्हणून काटा काढून जखम त्यांच्या डॉक्टरांकडून साफ करून घेतली, एमसीआरची (बारीक छिद्रांच्या रबराची) मऊ, मागे पट्टा असलेली चप्पल करून घेतली, निफाडच्या थंडीत शेकोटीजवळ पाय न्यायचे नाहीत आणि आंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवायचे, हे घरच्यांसमोर ठरवले. तोल सावरण्याचे व्यायाम ते ओट्याचा कठडा धरून करतात.

फेरीचा प्रश्न अवघड होता. अनवाणी जाण्याचा नेम वडिलांपासूनचा, आणि तो मोडा असे सांगण्याचा अधिकार मला नाही, एवढेच मला कळत होते. मी फक्त तो काटा बाटलीत ठेवून त्यांच्या हाती दिला होता. यंदा ते चप्पल घालून फेरीला गेले आणि त्र्यंबकेश्वराच्या दारात ती काढली. घरी परतल्यावर, नजर अधू झाल्यामुळे त्यांना स्वतःला दिसत नाही म्हणून, नातीने हातात आरसा घेऊन दोन्ही तळवे बोटांच्या बेचक्यांसकट पाहिले आणि मला फोनवर सांगितले, "डॉक्टर, काही नाही, नुसती धूळ आहे."