राइस कुकर: मसालेभात अखेर मोकळा झाला

मसालेभात जमला. शीत न् शीत सुटं, आतपर्यंत शिजलेलं, तळाला खरवड नाही आणि कुकर मध्येच ‘वॉर्म’वर, म्हणजे शिजवणं सोडून नुसतं गरम ठेवण्यावर, पडला नाही. या वेळी उकडीच्या मोदकांबद्दल लिहायचं ठरलं होतं, ते पुढे ढकलतो. या भातानं इतकं छळलंय, की आधी हे सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

कुकर तोच, माझा नेहमीचा विजेचा, १.८ लिटरचा, एका खटक्याचा, काचेच्या झाकणाचा, ७०० वॉटचा. साधा कोलम त्यात पहिल्यापासून सुरेख होतो. मुगाची खिचडी, इडल्या, ढोकळा, उकडलेली रताळी, सगळं रांगेला लागलं. मसालेभात लावला की मात्र दहा-बारा मिनिटांत टक्! दिवा ‘वॉर्म’चा. झाकण उघडावं तर वर पाणी तरंगतंय, मधल्या तांदळात कणी, आणि तळाला तपकिरी पापुद्रा धरलेला. खटका पुन्हा दाबला तर राहत नाही, कारण तळ निवेपर्यंत तो धरतच नाही. अशा वेळी काही जण खटक्याला चमचा अडकवून तो दाबून ठेवतात. कृपा करून असं करू नका. खटका पडणं ही या यंत्राची पहिली सुरक्षा आहे, त्यानंतर फक्त आतला थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारा फ्यूज, उरतो.

जे नुकतेच कुकर घेऊन आलेत, त्यांच्यासाठी खटक्याचं थोडक्यात. हीटिंग प्लेटच्या मधोमध स्प्रिंगवरची गुंडी असते, तिच्यात एक चुंबक आणि त्याला चिकटणारा एक खास धातू. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळ उकळबिंदूच्या फार वर जात नाही. (पुण्यात आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणून पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं.) पाणी तांदळात जिरलं की तळ चढायला लागतो आणि १०३ अंशांच्या आसपास त्या धातूचं चुंबकत्व नाहीसं होतं. स्प्रिंग चुंबकाला खाली ढकलते, खटका पडतो. म्हणजे भात झाला की नाही हे कुकरला कळतच नाही. त्याला फक्त तळाच्या मधल्या रुपयाएवढ्या जागेचं तापमान कळतं. हे एकदा डोक्यात बसलं, की कुकरमध्ये काहीही करताना पहिला प्रश्न एकच: त्या जागेवर काय बसलंय?

मी भांड्यापासून सुरुवात केली. तळाला पोचा असेल किंवा गुंडीवर एखादं शीत चिकटलेलं असेल, तर खटका वेळेआधी किंवा उशिरा पडतो. भांडं पालथं घालून तळावर स्टीलची फूटपट्टी आडवी-उभी ठेवायची आणि खालून उजेड दिसतो का पाहायचं. माझ्या भांड्याचा तळ ठीक वाटला, तरी खात्री म्हणून जादा भांडं मागवलं. ऑनलाइन एका विक्रेत्यानं पाठवलेलं फूटपट्टीवर चक्क डुलत होतं, ते परत केलं. मग पुण्यातल्या टपकीर गल्लीत, विजेच्या वस्तूंच्या बाजारात, जाऊन कंपनीचंच अ‍ॅनोडाइज्ड भांडं घेतलं, दुकानातच पट्टी लावून. भांडी आणि सुटे भाग डोळ्यांसमोर पाहूनच घ्यावेत, या मतावर मी आता ठाम आहे. नव्या भांड्यातही मसालेभात अर्धवटच राहिला. भांडं निर्दोष सुटलं.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी पडला तो प्लगमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर. थर्मामीटरची काडी झाकणाच्या भोकातून खुपसून फक्त वरचं तापमान कळतं, आणि ते उकळी फुटल्यावर ढिम्म हलत नाही. वॉटमीटर लावला की खटका नेमका कोणत्या मिनिटाला पडला आणि तोवर किती वीज आत गेली, दोन्ही कळतं. साध्या कोलमाला लागते तिच्या जेमतेम निम्म्या विजेवर मसालेभाताला खटका पडत होता. निम्मी ऊर्जा गेली तर भात निम्माच शिजणार, उघड आहे.

मग एकेक जिन्नस सुटा करून पाहिला. तांदूळ, पाणी आणि नुसतं तेल: वेळेवर झाला. त्यात तोंडली: वेळेवर. तांदूळ तेलावर परतून: थोडा लवकर पडला, पण भात खाण्याजोगा. आणि फक्त गोडा मसाला घातला, तर दहाव्या मिनिटाला टक्! पाणी वाढवून पाहिलं, तरी खटका त्याच सुमारास. वरचा भात आसट, तळाचा पापुद्रा जसाच्या तसा. इथेच गुन्हेगार सापडला, कारण पाणी कमी पडत असतं तर वाढवल्यावर खटका पुढे सरकला असता.

काचेच्या पेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात चमचाभर गोडा मसाला ढवळून ठेवा आणि पाहत बसा. धने, तीळ, खोबरं, दगडफूल, सगळ्याचा गाळ हळूहळू खाली बसतो, वर तेलाचा तवंग आणि मधे निवळ पाणी. कुकरच्या तळाला हेच होतं, आणि त्यात तांदळाच्या पिठाची खळ मिसळते. खळ आणि गाळ मिळून जो लेप बसतो, त्यातून पाणी खेळत नाही. वर पाव लिटर पाणी असलं तरी लेपाखालची जागा १०३ पार करते आणि खटका पडतो. इंद्रायणीत हे जास्त, कारण तो मुळातच चिकट आणि खळ जास्त सोडतो. मावळातल्या इंद्रायणीवर माझं प्रेम आहे, दूध-भाताला आणि गुरगुट्या भाताला त्याला तोड नाही, पण कुकरातल्या मसालेभाताला तो घेऊ नका. जुना कोलम घ्या, पालघरकडच्या वाडा तालुक्यातला मिळाला तर फारच छान.

गुन्हेगार कळल्यावर तोडगा उलटा विचार करून निघाला. मसाला तळाशी जाऊ द्यायचा नसेल तर तो अशा वेळी घालावा, जेव्हा खाली जायची वाटच बंद झालेली असते. भात शिजताना एक टप्पा येतो: पाणी तांदळाच्या पातळीला येतं, वरचा फेस बसतो आणि भाताला भोकं पडतात. तेव्हा तांदूळ फुगून एकमेकांत दाटलेला असतो. वरून घातलेला मसाला त्या थरावर गाळणीत अडकावा तसा अडकतो, आणि भोकांतून येणारी वाफ त्याच्यातून जाते. काचेचं झाकण हवंच हवं ते यासाठी. पत्र्याच्या झाकणाच्या कुकरात हा क्षण अंदाजानं गाठावा लागतो.

आता जमलेली रीत. कुकरसोबत येणाऱ्या कपानं दोन कप तांदूळ. (हा कप १८० मिलीचा, जपानी मापाचा. घरातल्या वाटीनं तांदूळ आणि कपानं पाणी असं करू नका, भांड्यावरच्या रेघा कपाच्याच हिशेबाच्या असतात.) वेगळ्या पातेल्यात धुऊन अर्धा तास भिजवायचा, निथळायचा, साडेतीन कप पाणी, मीठ, चमचाभर तूप. खडा मसाला, म्हणजे दालचिनी, लवंग, वेलची, तमालपत्र, पहिल्यापासून आत. खड्यांचा लेप होत नाही, आणि शिताच्या आत जो वास जायचा तो यांचाच जातो. कुकर चालू केला की शेजारी कढईत मोहरी-हिंग-हळद-कढीपत्त्याची फोडणी, उभी चिरलेली तोंडली, झाकण ठेवून अर्धी वाफ. मग काजू, गोडा मसाला, तिखट, आणि पाण्याचा एक हबका, म्हणजे मसाला करपत नाही. भाताला भोकं पडली की झाकण उचलायचं, कढईतलं सगळं भातावर पसरायचं आणि लगेच झाकायचं. ढवळायचं नाही. खटका पडल्यावर पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. मग चपट्या उलथन्यानं कडेनं खाली जाऊन भात हलक्या हातानं उलटायचा. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर, तूप.

पहिल्यांदा उलटला तेव्हा तळाचा भात पांढराशुभ्र वर आला, आणि भांड्याचा तळ कोरा! नुसत्या ओल्या फडक्यानं पुसून निघाला. तो तळ मी घरातल्या सगळ्यांना दाखवला.

चवीबद्दल मात्र खरं ते सांगतो. रंग सारखा येतो, तोंडली अचूक होतात, पण मसाला शिताला बाहेरून लागतो. लग्नाच्या पंगतीतल्या मसालेभातात तो आत मुरलेला असतो. हा फरक जाणवतो.

इथवर काल लिहून थांबलो होतो, आणि आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अरे, पण आपण प्रेशर कुकरात भांडं आत ठेवूनच लावतो की भात. तळाशी पाणी, त्यात भांडं. इथे का नाही तसं?” आणि मला एकदम तोशिबाचा १९५५ चा पहिला स्वयंचलित कुकर आठवला. त्यात दुहेरी भांडं होतं. बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी घालायचं, ते वीसेक मिनिटांत उडून गेलं की तापमान चढायचं आणि थर्मोस्टॅट वीज बंद करायचा. तैवानच्या तातुंगचा कुकर १९६० पासून आजवर त्याच तत्त्वावर चालतो. म्हणजे तळाशी फक्त पाणी, आणि मसाला त्या गुंडीपासून पूर्ण दूर.

आज सकाळी तेच केलं. भांड्यात इडलीच्या साच्याची खालची जाळी, तिच्यावर स्टीलचा डबा. डब्यात एक कप तांदूळ, परतलेली तोंडली, गोडा मसाला, सगळं पहिल्यापासून आणि आधणाचं पाणी. डब्यावर ताटली, कारण काचेच्या झाकणावरून ठिबकणारं पाणी थेट भातात पडतं. बाहेर किती पाणी, याचा हिशेब आधी कागदावर केला. ७०० वॉटनं १८० मिली पाणी तापवून पूर्ण उडवायला नुसत्या गणितानं ११ मिनिटं लागतात. पण बरीचशी वाफ झाकणावर निवून परत खाली येते, शिवाय डबाही तापवायचा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ बराच जास्त. दीड कप घातलं. खटका पडला तेव्हा भातात किंचित कणी होती. बाहेर आणखी अर्धा कप पाणी ओतलं, तळ निवला, आणि खटका लगेच धरला! वर सांगितलेली खटका न धरण्याची कटकट इथे उरतच नाही. हव्या तितक्या वेळा पाणी घाला, तितका वेळ शिजवा.

भात मुरलेला. मसाला आतपर्यंत. शितं पहिल्या रितीपेक्षा थोडी मऊ, आणि डब्यात दोघांपुरताच मावतो, वेळही पाऊण तासाच्या वर. पण चव पंगतीच्या जवळ गेली, आणि ती माझ्यासाठी जास्त महत्त्वाची. तेव्हा चौघांसाठी वरून मसाला, दोघांसाठी डबा, असं सध्या ठरवतोय. सुट्टीच्या दिवशी डबाच.

यामुळे पुढचे बेत बदललेत. तीन-चार पट किमतीचा इंडक्शनवाला, फझी लॉजिकचा (तापमान आणि वेळ स्वतःच जुळवून घेणारा) कुकर घ्यायचं मनात होतं, ते रद्द. त्यांचे कार्यक्रम मुख्यतः जपानी आखूड, चिकट तांदळाला धरून बसवलेले असतात, आणि गोडा मसाला त्यांच्याही तळाशीच बसणार. त्याऐवजी तुळशीबागेत जाऊन बुटका, रुंद तोंडाचा डबा शोधतो. आताचा उंच आहे, झाकण जेमतेम बसतं, आणि उंच डब्यात मधला भात उशिरा शिजतो.

तुरीच्या वरणाबद्दल विचारणा होत असते, तर डब्यात तेही करून पाहिलं. मेणासारखं होत नाही. प्रेशर कुकरात १२० अंशांच्या आसपास तापमान मिळतं, इथे शंभरच्या आतच. बोअरचं जड पाणी असेल तर डाळ आणखी हट्ट धरते. मुगाची डाळ मात्र डब्यात सुंदर शिजते. आमसूल किंवा चिंच असेल तर डाळ शिजल्यावरच घाला, आंबटानं डाळ मऊ व्हायला वेळ लागतो.

मोदकांच्या आधी आता नारळीभात. गूळही तळाला बसून करपतो आणि खटका पाडतो, म्हणजे दुखणं तेच. शिवाय गूळ आधी घातला तर तांदूळ कडक राहतो. म्हणून डब्यात नुसता तांदूळ लवंगांसह शिजवायचा, खटका पडला की गूळ-खोबरं वरून पसरायचं, बाहेर अर्धा कप पाणी ओतून पुन्हा खटका दाबायचा आणि वाफेवर गूळ विरघळू द्यायचा, असं डोक्यात आहे. गूळ किसून घालावा की आधी खोबऱ्यात शिजवून, यावर मत पक्कं होत नाहीये. कुणी खटक्याच्या कुकरात केला असेल, तर गूळ कोणत्या टप्प्याला घातला आणि तांदळाला त्याचं प्रमाण किती, एवढं नक्की कळवा. डबा मिळाला की लगेच लावतो.