घाव हातावर बसला, पण निघाला होता डोक्याकडे

मराठवाड्यात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण झालं की फिर्यादीत ‘जिवे मारण्याच्या उद्देशाने’ हे शब्द ठरलेलेच. लिहून घेणारा सवयीने लिहितो, सांगणारा सवयीने सही करतो. आमच्याही फिर्यादीत ते होते. सत्र न्यायालयाने त्यांना काडीची किंमत दिली नाही, आणि खरं तर द्यायलाही नको. पण त्याच्या पुढे निकालात जे कारण लिहिलं होतं, ते मला पटेना.

आमचं गाव गोदाकाठचं. मोजणीत धुरा चुलत्यांच्या बाजूला सरकला आणि त्या रागात त्यांनी माझ्या वडिलांवर, आबांवर कुऱ्हाड चालवली. पहिला घाव धारेचा, डाव्या हातावर. कोपर आणि मनगटामधलं करंगळीच्या बाजूचं हाड मोडलं. दुसरा तुंब्याचा, म्हणजे कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूचा, डोक्यात. तिसऱ्या वेळी शेजारच्या तात्यांनी दांडा वरच्या वर धरला. आबा वाचले.

चुलते कलम ३२६ मध्ये दोषी ठरले, म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत. दोन वर्षं शिक्षा झाली. कलम ३०७, खुनाचा प्रयत्न, यातून मात्र सुटले. कारण काय, तर धारेचा घाव हातावर, तिथे जिवाला धोका नाही. डोक्यावरची जखम प्रमाणपत्रात ‘सीएलडब्ल्यू’, म्हणजे बोथट माराची, आणि स्वरूप ‘साधे’. मारायचंच असतं तर धार डोक्यात घातली असती. (गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून कलमं जुन्या दंड संहितेची. आता ३०७ च्या जागी न्याय संहितेचं १०९ लागतं.)

सरकारने अपील करावं म्हणून धडपडलो. तो प्रस्ताव विधी व न्याय विभागापर्यंत जातो, वर सुटकेविरुद्ध सरकारला उच्च न्यायालयाची परवानगीही घ्यावी लागते. एका वकिलांनी तर सरळ विचारलं, “३२६ ला पण जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, मग ३०७ चा हट्ट कशाला?”

याचं उत्तर मला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात वकिली करणाऱ्या मॅडमकडून मिळालं. शिक्षा कमी झाली एवढ्याच कारणावर पीडिताला अपील करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते स्पष्ट केलंय. पण आरोपी सुटला, किंवा हलक्या गुन्ह्यात दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ३७२ च्या परंतुकाखाली पीडिताला स्वतः अपील करता येतं. हा हक्क ३१ डिसेंबर २००९ पासूनचा, आणि २०१८ च्या निकालानंतर त्यासाठी आधी परवानगीही लागत नाही. म्हणजे आमची वाट ३०७ मधूनच जात होती.

खंडपीठ १९८१ साली आपल्याकडे आलं हे उपकारच, नाहीतर दर कागदासाठी मुंबई गाठावी लागली असती. मराठवाडा एक्स्प्रेसला आमच्याकडे हायकोर्ट एक्स्प्रेस म्हणतात. डब्यात मांडीवर फाईल घेतलेला माणूस दिसला की त्याला कुठं उतरायचं ते विचारावं लागत नाही. नकला, वकीलपत्र, खालच्या कोर्टातून रेकॉर्ड येणं, पेपरबुक, यात किती काळ गेला ते सांगत बसत नाही. ज्याने कोर्ट पाहिलंय त्याला माहीत आहे.

मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, “घाव कुठं बसला ते निकालात आहे. तो कुठं बसायला निघाला होता, ते आपल्याला रेकॉर्डात शोधायचंय.” मला खुर्चीवर बसवलं आणि एक गुंडाळलेली फाईल माझ्या डोक्यावर उगारली. माझा डावा हात आपोआप आडवा वर गेला. फाईल बसली ती बरोबर आबांचं हाड मोडलं होतं तिथे.

पण चेंबरमधलं हे प्रात्यक्षिक पुरावा होत नाही. पुरावा सापडला आबांच्या उलटतपासणीत, तोही आरोपीच्या वकिलांच्या कृपेने. घाव डोक्यावर नव्हताच असं दाखवायला त्यांनी विचारलं होतं आणि आबांनी सरळ होकार दिला होता: “मी हात वर करून डोक्यावर आडवा धरला, म्हणून मार हाताला लागला हे खरे आहे.” खालच्या कोर्टात या वाक्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

दुसरा धागा कुऱ्हाडीचा. शेतकऱ्याच्या हातात कुऱ्हाड असणारच, असा चुलत्यांचा बचाव. पण तात्यांच्या साक्षीत होतं की बाचाबाची झाली तेव्हा चुलते रिकाम्या हातांनी होते. ते आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, गेले आणि कुऱ्हाड घेऊन परत आले.

“आता जित्ता सोडत नाही” हे चुलत्यांचे शब्द मात्र टिकले नाहीत. तात्यांनी ते कोर्टात सांगितले, पण पोलिसांपुढच्या जबाबात नव्हते. तपास अधिकाऱ्याच्या तोंडून ते ओमिशन, म्हणजे आधीच्या जबाबात ते शब्द नसणं, सिद्ध झालं. मला हळहळ वाटली, मॅडमना अजिबात नाही. भांडणात असलं कोणीही बोलतं, त्यावर ३०७ उभं करू नये, असं त्यांचं मत.

त्यांची भिस्त होती बलराम बामा पाटील यांच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३ च्या निकालावर. जखम जीवघेणीच असली पाहिजे असं ३०७ म्हणत नाही. कृत्य कोणत्या हेतूने आणि कोणत्या परिस्थितीत केलं ते पाहायचं. भीती वेगळीच होती. सुटकेविरुद्धच्या अपिलात खालच्या कोर्टाचं मत पुराव्यावरून शक्य वाटत असेल, तर वरचं कोर्ट सहसा हात घालत नाही. आपलं मत जास्त पटण्यासारखं आहे, एवढ्याने भागत नाही.

चुलत्यांचंही अपील होतंच. दोन्ही एकत्र बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, लागली. न्यायमूर्तींनी नेमका अवघड प्रश्न विचारला: दुसऱ्यांदा धार का नाही, तुंबा का? मॅडमनी तात्यांची साक्ष वाचली: हातात रुतलेली कुऱ्हाड हिसकून काढली आणि लगेच मारली. धार बाजूला ठेवायला तिथे उसंतच नव्हती. शिवाय खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यात एवढं लोखंड घालणं ही काही सवलत नव्हे. आणि चुलते थांबले ते स्वतःहून नाही, दांडा धरला म्हणून. आपण होऊन थांबले असते तर आमची बाजू लंगडी पडली असती, हे मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

सत्र न्यायालयाने प्रत्येक जखम सुटी पाहिली, हल्ला सलग पाहिला नाही. आबांच्या उलटतपासणीतली कबुली विचारातच घेतली नाही, म्हणून ते मत शक्यतेच्या कक्षेत बसत नाही, असं उच्च न्यायालयाने म्हटलं. ३०७ लागलं. शिक्षेबाबत चुलत्यांचं म्हणणं ऐकून सात वर्षं दिली आणि हजर व्हायला मुदत दिली.

भावकीत आता बोलणं उरलेलं नाही. आबांना निकाल वाचून दाखवला तर त्यांनी एवढंच विचारलं, “धुऱ्याचं काय लिहिलंय?” धुऱ्याचा दावा दिवाणीत वेगळा चालू आहे. शिक्षा दहा वर्षांच्या आत असल्यामुळे चुलत्यांना सर्वोच्च न्यायालयात थेट अपिलाचा हक्क नाही, विशेष परवानगी मागावी लागेल. ते दिल्लीचा वकील बघायलेत असं कानावर आलंय, म्हणून मीही निकालाच्या नकलेसाठी अर्ज टाकलाय.