पौषवारी, फोनविना

पौष वद्य एकादशीची निवृत्तिनाथांची यात्रा बहुतेक जानेवारीत येते. म्हणून या वेळी नव्या वर्षाचे संकल्प वहीत न मांडता त्र्यंबकेश्वरापर्यंत चालताना ठरवायचे आणि तोवर फोन जवळ बाळगायचा नाही, असे मी योजले. घरच्यांना दिंडीच्या चोपदारांचा नंबर लिहून दिला आणि सिन्नरहून चालू लागले.

मोहदरी घाट, शिंदे, पळसे, नाशिक मागे पडले. काकड्याला जाग आली की हात उशाशी फोन शोधत असे. पुढचे काही जण भजन चालू असताना मोबाइल उंच धरून चित्रण करीत, त्यांच्यामुळे टाळकऱ्यांची रांग मोडे आणि मला संताप येई. पण मृदंगावर थाप पडली की त्याच क्षणी डोळेही भरून येत.

महिरावणीच्या पुढे भर दुपारी टाचेवरचा फोड इतका फुगला की पाऊल टेकवेना. मी रस्त्याच्या कडेला बसले आणि आमची दिंडी दिसेनाशी झाली. एरवी अशा वेळी मी कुणाला तरी फोन लावला असता. आता रस्त्याकडे पाहत बसण्यावाचून इलाज नव्हता, आणि ते एकटेपण मला फार जड गेले. मागून येणाऱ्या दिंडीतल्या एक आजी थांबल्या. काही न विचारता त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, पिशवीतून सुई काढली आणि फोडातून दोरा ओवून त्याची टोके बाहेर सोडली. "कातडी सोलू नका माउली, दोरा आतच राहू द्या, पाणी आपसूक निघंल," असे म्हणून त्यांनी वर हळद दाबली. हात चालू असताना तोंडाने हरिपाठ चालला होता. त्यांना अक्षरओळख नव्हती, तरी एकही चरण अडला नाही. मी इतकी वर्षे हरिपाठ फोनच्या पडद्यावर पाहून म्हणत आले आहे. पाठ कसा केला, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सासूच्या मागं म्हणत गेले. रोज थोडं धरायचं."

त्यांच्याच दिंडीतून मी लंगडत अंजनेरीपर्यंत आले. समोर ब्रह्मगिरी दिसू लागला. त्याच्याच प्रदक्षिणेत वाघाच्या भीतीने आईवडील आणि भावंडांपासून चुकलेल्या निवृत्तिनाथांना गुहेत त्यांचे गुरू गहिनीनाथ भेटले, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. त्या संध्याकाळी मात्र चुकलेल्या मुलाची भीती मला प्रथमच जाणवली.

त्र्यंबकेश्वरी कुशावर्त कुंडावर रेटारेटी होती, निवृत्तिनाथांच्या समाधीचे दर्शन निमिषभरच झाले. रांगेतच वर्षाचे दोन नेम धरले: आषाढीपर्यंत हरिपाठ मुखोद्गत करायचा, आणि सांजेच्या हरिपाठापासून सकाळच्या पूजेपर्यंत फोन बंद ठेवायचा. कार्यालयातल्या वरिष्ठांनाही तसे कळवले आहे. रात्री काही अडलेच, तर त्यांनी घरच्या दूरध्वनीवर बोलवावे.